सहासष्टचा प्रोसेसर, पन्नासावर

माझा मामा कुंभकोणममध्ये रेशमी साड्यांचे काठ आखायचा. विणणारे वेगळे, मामा फक्त आखायचा. बारीक चौकोनांच्या कागदावर तो एकेक चौकोन शाईने भरत जायचा. भरलेला चौकोन म्हणजे मागावर तो धागा वर उचलायचा, रिकामा म्हणजे खाली ठेवायचा. तो कागद मग कार्डं पाडणाऱ्याकडे जायचा. तो कागदाच्या प्रत्येक ओळीसाठी पुठ्ठ्याचं एक कार्ड घेऊन, भरलेल्या चौकोनांच्या जागी भोकं पाडायचा. सगळी कार्डं दोऱ्याने ओवून मागाच्या माथ्यावर चढली, की माग आपोआप तो काठ विणायचा. एक चौकोन चुकला तर तीच चूक सहा वार साडीभर, दर वीतभर अंतरावर पुन्हा पुन्हा. तीस वर्षांत मामाचा एकही चौकोन चुकला नव्हता. साक्कोट्टैपासून तिरुप्पनंदाळपर्यंतचे विणकर त्याच्याकडे यायचे ते यासाठीच.

आमच्या घरची मराठी तंजावरची. बाहेर सगळा कारभार तमिळमध्ये, उंबऱ्याच्या आत ही जुनी मराठी. पुढे मी पुण्याला राहायला आले तेव्हा इथल्या लोकांना वाटलं, मी पोथी वाचून दाखवतेय. इथे लिहिते ती भाषा मी पुण्यात शिकले. मामाचं बोलणं मात्र त्याच्याच शब्दांत ठेवलंय, आठवेल तसं.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर मामाच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांवर मधोमध डाग पडले. मदुरैच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे शस्त्रक्रियेने जाणारं नाही. आहे तेवढी नजर टिकेल, पण बारीक काम बंद. घरी आल्यावर मामा कागद समोर घेऊन बसला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "रेघ ओढतां ओढतां मधींच नाहींशी होती गे. कडेची दिसती, बघायची ती दिसत नाहीं."

मी तेव्हा तेवीस वर्षांची. गणितात पदवी घेतली होती आणि पितळी भांड्यांच्या दुकानावरच्या माडीवर भरणाऱ्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. सकाळी एक तुकडी, संध्याकाळी एक, दुपार मोकळी. मामाचं ते बोलणं ऐकून पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते असं, की कागदावरचा चौकोन मोठा करता येत नाही, पण पडद्यावरचा येतो. अंगठ्याच्या नखाएवढा करता येतो. मामाने भरायचा तो चौकोन, आणि बारीक कागद छापायचा तो प्रिंटरने. हे सुचलं तेव्हा मी क्लासमध्ये फळ्यासमोर उभी होते. तुकडीला काहीतरी लिहून घ्यायला सांगितलं आणि मी खिडकीपाशी जाऊन वहीच्या मागच्या पानावर भराभर आकृत्या काढत सुटले.

मामाला पटायला दोन दिवस लागले. मग त्याने तंजावरच्या एका हिशेबनिसांच्या कचेरीतून, त्यांनी नवीन मशीन घेतल्यामुळे पडून असलेला कॉम्प्युटर आणला. चारशे शहाऐंशी जातीचा, पंचवीस मेगाहर्ट्झचा, त्या काळीही मागे पडलेला. सोबत खडखड करणारा प्रिंटर. मशीन पुढच्या खोलीत खिडकीखाली ठेवलं आणि मी तीन महिने दुपारी दुपारी बसून प्रोग्रॅम लिहिला.

तो चालला. मामा बाणाच्या चार बटणांनी इकडेतिकडे सरकायचा, स्पेसबार दाबला की चौकोन भरायचा. अर्धी नक्षी काढली की उरलेली अर्धी आरशातल्यासारखी मशीन काढून द्यायचं. हे बघून मामा चकित झाला होता, कारण ती दुसरी अर्धी त्याने तीस वर्षं हाताने भरली होती. वाकण्या, म्हणजे वेलीची वळणं, पक्ष्याची मान, यांचे फक्त तीन-चार बिंदू द्यायचे, मधली वळणं मशीन गणित करून काढायचं. यातच ते फार दमायचं. पूर्ण काठ एकदा पडद्यावर उमटायला चाळीस सेकंद. तेवढ्यात मामा पानाला चुना लावून, घडी घालून, तोंडात टाकून परत पडद्याकडे वळायचा. तो म्हणायचा, बरोबर एका विड्याचा वेळ लागतो.

पहिला काठ साध्या रुद्राक्षाच्या मण्यांचा होता. तो मागावर चढला, विणला गेला, खोट निघाली नाही. मग तिरुविसनल्लूरचा एक विणकर आला. तो आणि त्याची बायको दोघं मिळून माग चालवायचे. त्यांना एका लग्नाच्या साडीसाठी अन्नपक्ष्यांचा काठ हवा होता. अन्नपक्षी म्हणजे लांब वळलेल्या मानेचा, हंसासारखा पक्षी, शेपटीचा वेलबुट्ट्यांचा पसारा मागे सोडणारा. सगळाच वळणांचा मामला. मामाने काम घेतलं. अर्धा पक्षी काढून झाला. आणि तिथे मी घोळ घातला.

मी प्रोसेसर कधी पाहिला नव्हता. रोज मुलांना शिकवायचे, प्रोसेसर म्हणजे मशीनचा मेंदू, आणि फळ्यावर एक चौकोन काढून त्यात बाण दाखवायचे. क्लासमध्ये आलेल्या एका मासिकात त्याचा फोटो होता, खालच्या बाजूचा, नुसत्या पिनाच पिना. तो बघून मला राहवेना. मामा तिरुप्पनंदाळला मठात कुणाला तरी भेटायला गेला होता. दुपार होती, आई आत झोपली होती. मी मशीनचं झाकण काढलं.

प्रोसेसर मधोमध बसला होता, करडा, दोन बोटं रुंद. तो काढायला तरफ वगैरे काही नव्हती. मशीनच्या पाठीला रिकाम्या फटी झाकायच्या पत्र्याच्या पट्ट्या असतात, त्यातली एक काढून मी ती एकेका बाजूने थोडी थोडी खाली सारत त्याला उचललं. टक टक करत तो सुटला. उलटा केला. सोन्याच्या पिना, केसाहून थोड्या जाड, चारी कडांना तीन तीन ओळींत उभ्या, एकही वाकडी नाही. मी त्या मोजल्या. एकशे अडुसष्ट. खिडकीच्या उजेडात फिरवून फिरवून बघितल्या. याच्या पोटातून मामाचे पक्षी येतात, असं वाटून मला कुणाला तरी हाक मारून दाखवावंसं वाटत होतं.

मग तो परत बसवला. चौकोनी वस्तू, चौकोनी खोबण. चारांपैकी कुठल्याही बाजूने आत गेली असती, आणि मी लक्षात ठेवलं नव्हतं की कुठली बाजू कुठे होती. बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच राहिला. पाच-सहा सेकंदांत गरम मातीसारखा वास आला. मी प्रोसेसरवर बोट ठेवलं आणि ओढून घेतलं. बोटाला फोड आला. बटण बंद केलं, नीट पाहिलं, तेव्हा त्याचा एक कापलेला कोपरा दिसला आणि बोर्डवरची तशीच खूण त्याच्या शेजारच्या कोपऱ्याला. फिरवून बसवला. काही उपयोग झाला नाही. तो मेला होता.

मामा चार वाजता आला. मी दारातच उभी होते.

"काय झालें गे?"

"मामा, मी प्रोसेसर जाळला. बघायला काढला होता, उलटा बसवला."

तो चपला काढून आत आला. मशीनसमोरच्या स्टुलावर बसला. मी खाली मान घालून उभी.

"तुजला तें बघायचें होतें, इतकेंच ना?"

"हो."

"काय दिसलें?"

मला वाटलं तो चिडून विचारतोय. पण त्याने हात पुढे केला होता. मी तो जळका प्रोसेसर त्याच्या तळहातावर उलटा ठेवला. त्याने तो डोळ्यांच्या कडेने बघता यावा म्हणून मान वळवली, मग बोटाचं टोक पिनांवरून हलकेच फिरवलं.

"किती ओळी आहेत?"

"तीन. चारी बाजूंनी. मध्ये रिकामं."

"काठ चोहोंकडे, पोट कोरें," तो म्हणाला. "चांगली आखणी आहे." मग तो माझ्या हातात परत देत म्हणाला, "सेरी, असूं दे. आतां दुसरा आण. तिरुविसनल्लूरचा माग रिकामा बसला आहे."

दुसऱ्या दिवशी क्लासला सुट्टी घेऊन मी बसने तिरुचीला गेले. बसस्टँडमागच्या एका गल्लीत, जिन्यावरच्या खोलीत मशीन दुरुस्त करणारे एक वयस्कर गृहस्थ बसायचे. क्लासची मशीनं त्यांच्याकडे जायची म्हणून मला ठिकाण माहीत होतं. ते आधी रेडिओ दुरुस्त करायचे आणि त्यांच्या टेबलावर अजूनही निम्मे रेडिओच होते. मी जळका प्रोसेसर पुढे ठेवला. त्यांनी त्यावरचा आकडा वाचला आणि तमिळमध्ये म्हणाले, "पंचवीसचा? अम्मा, हा आता कुठे मिळायचा नाही."

"मग काय करू?"

त्यांनी मागच्या फडताळातून एक डबी काढली. आत फोममध्ये खोचलेला तसाच एक प्रोसेसर होता. "हा सहासष्टचा आहे. ज्या मशीनमधून काढला त्याच्या बोर्डात पाणी गेलं होतं, पण हा शाबूत आहे. पाय तेच, खोबण तीच. हा बोर्डाकडून जो ठेका, म्हणजे वेगाचा ताल, मिळतो तो आत दुप्पट करून घेतो. बोर्डाने तेहतीसचा ठेका दिला, तर हा सहासष्टवर धावतो."

"माझा बोर्ड पंचवीसचा ठेका देतो."

"तुमच्या बोर्डाची पुस्तिका आहे?"

पुस्तिका होती, घरी.

"त्यात बघा, तेहतीस लावता येतं का. येत असेल तर लावा."

"नसेल तर? पंचवीसवरच ठेवला तर हा चालेल?"

"असं कुणी विचारलं नाही मला अजून. सगळे जास्त पळवायला बघतात. चालायला हरकत दिसत नाही. पण मी करून पाहिलेलं नाही, म्हणून सांगत नाही." मग त्यांनी माझ्या बोटावरचा फोड पाहिला, हसले, आणि टेबलावरचं पेन उचलून माझ्या तळहातावर एक चौकोन काढून त्याचा एक कोपरा तिरका कापला. "घरी जाऊन आधी हा बघायचा, मग बटण."

बसमध्ये डबी मी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, आत काय, दागिना का. मी हो म्हटलं.

पुस्तिका म्हणजे दहा-बारा पानं, कुठल्या तरी दूरच्या देशात छापलेली, तिचं इंग्रजी असं की प्रत्येक वाक्य दोनदा वाचावं. पण तक्ते स्पष्ट होते. बोर्डवर पिनांच्या जोड्या उभ्या असतात आणि त्यांवर तांदळाच्या दाण्याएवढ्या प्लॅस्टिकच्या टोप्या बसवायच्या असतात, त्यांना जंपर म्हणतात. कुठली टोपी कुठल्या जोडीवर, त्यावरून बोर्डाला कळतं की प्रोसेसर कुठला आणि ठेका किती. ठेक्याच्या तक्त्यात तीन आकडे होते: वीस, पंचवीस आणि तेहतीस. तेहतीस वाचून मी उडीच मारली. म्हणजे सहासष्ट.

आईच्या भुवया कोरायच्या चिमट्याने मी टोप्या हलवल्या. तळहातावरचा कोपरा बघून प्रोसेसर बसवला, आणि मामाला शेजारी बसवून बटण दाबलं. एक टुक आवाज झाला. पडद्यावर अक्षरं आली आणि त्यांत सहासष्ट हा आकडा होता. मी प्रोग्रॅम सुरू केला, अर्धा अन्नपक्षी उघडला आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याकडे बघत पूर्ण काठ उमटवायचं बटण दाबलं. पाच सेकंद. चाळीसच्या जागी पाच. मामाचं पान अजून हातात होतं.

"झालें?"

"झालं."

"इतकें जलद? पुन्हा दाखीव."

मी पुन्हा दाखवलं. त्याने सहा-सात वेळा दाखवायला लावलं. आई स्वयंपाकघरातून ओला हात पुसत आली, तिलाही दाखवलं. मामाने तिथल्या तिथे पक्ष्याची मान तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी वाकवून पाहिली. आधी असं करून बघायचं तर तीन विडे गेले असते, म्हणून तो पहिल्या वळणावरच समाधान मानायचा. आता त्याने चौथी केली, पाचवी केली, आणि पाचवी ठेवली. पुढचे दोन दिवस त्याला जेवायलासुद्धा हाका मारून उठवावं लागत होतं. दुसऱ्या दुपारी पक्षी पूर्ण झाला, प्रिंटरने कागद छापला, आणि तो गुंडाळून मामा स्वतः कार्डं पाडणाऱ्याकडे देऊन आला.

बारा दिवसांनी तिरुविसनल्लूरचा विणकर आला. बसला नाही. मामाला आदराने हाक मारून म्हणाला, "अय्या, पक्ष्याची मान तुटली आहे."

आम्ही त्याच्याबरोबर बसने गेलो. मागावर चार बोटं काठ विणून झाला होता. जरीचा पक्षी, शेपूट सुंदर, आणि मानेच्या मध्यावर एक ओळ दोन धागे उजवीकडे सरकलेली. लांबून मानेवर काप गेल्यासारखं दिसत होतं. विणकराची बायको माग थांबवून मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसली होती. मामा वाकून मान तिरकी करून बघत राहिला, मग सरळ झाला.

"माझीच चूक," तो तमिळमध्ये त्यांना म्हणाला. "मला दिसलं नाही."

परतताना बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. उतरायच्या आधी आमच्या भाषेत म्हणाला, "तूं कष्ट फार केलेस. पण डोळे नसलेल्यानें आखूं नये. मशीन कोणास तरी देऊन टाक."

मी घरी येऊन चपलांसकट मशीनसमोर बसले. नक्षी उघडली, मानेपाशी गेले. ती ओळ पडद्यावरही सरकलेली होती. पण मान मामाने चौकोन भरून काढलीच नव्हती. त्याने फक्त चार बिंदू दिले होते, आणि ते चारही जिथल्या तिथे होते. मधली वळणं मशीनने काढली होती. मी तीच मान पुन्हा काढायला लावली. बरोबर आली. पुन्हा, बरोबर. नवव्या खेपेला एक ओळ दोन घरं सरकली.

मी ओरडून मामाला बोलावलं. घरात एवढ्या मोठ्याने मी कधी बोलत नसे. तो घाबरून आला.

"मामा, चूक तुमची नाही. मशीन चुकतंय. हे बघा, मी हातही लावत नाही."

तो बघत राहिला. अकराव्या खेपेला पुन्हा झालं. त्याने स्टूल ओढलं आणि हळूच बसला. "म्यां नाहीं केलें?"

"तुम्ही नाही."

माझ्या अंगात त्या क्षणी जे संचारलं ते सांगता येणार नाही. मशीन बिघडलंय याचा इतका आनंद कुणाला झाला नसेल. आता कारण शोधायचं होतं. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला: मशीनच्या स्मरणात ठरलेले आकडे ठेवायचे, परत वाचायचे, जुळले नाहीत तर मोजायचे, हजारो वेळा. दुसऱ्या दिवशी क्लासला जायच्या आधी सकाळी तो चालवला. एकही चूक नाही. माझा धीर सुटायला लागला. क्लास संपवून दुपारी दोनला आले, वैशाखाचं ऊन, खिडकीचे गजसुद्धा तापलेले, तेव्हा पुन्हा चालवला. दहा मिनिटांत सतरा चुका, आणि मग मशीन जागच्या जागी गोठलं.

झाकण काढून बोर्डवर हात फिरवला. सगळंच तापलेलं होतं, पण स्मरणाच्या चिप्सच्या पट्ट्या सगळ्यांत जास्त. तेव्हा उलगडा झाला. प्रोसेसर सहासष्टचा होता, त्याला काही होत नव्हतं. पण तेहतीसचा ठेका मी सगळ्या बोर्डालाच लावला होता, आणि त्या पट्ट्या जुन्या, पंचवीससाठी घेतलेल्या. सकाळच्या गारव्यात त्या कशाबशा गाठत होत्या, दुपारी मागे पडत होत्या. पुस्तिकेत तेहतीस छापलं होतं खरं, पण आमच्या पट्ट्यांची जबाबदारी पुस्तिकेने घेतली नव्हती.

उपाय समोरच होता आणि तो करायचं माझ्या जिवावर आलं होतं. ठेका परत पंचवीसवर आणायचा. म्हणजे सहासष्टवर धावू शकणारा प्रोसेसर मुद्दाम पन्नासावर चालवायचा. ते पाच सेकंद मला इतके आवडले होते, की मी चिमटा हातात घेऊन बराच वेळ नुसती बसले. मामाला सांगितलं.

"तो सहासष्ट धावूं शकतो, आणि तूं त्यास पन्नासावर चालवणार?"

"हो."

"त्यास कांहीं होणार नाहीं ना?"

"त्याला उलट बरं वाटेल. कमी तापेल."

"मग काय बघतेस?"

मी टोप्या हलवल्या. बटण दाबलं. या वेळी पडद्यावर पन्नास आलं. चुका मोजायचा प्रोग्रॅम लावला आणि आम्ही दोघं समोर बसून राहिलो. अडीच वाजले. तीन वाजले. पडद्यावर शून्य. वीज गेली नाही, हेही नशीब. आई कॉफीचे टंबलर ठेवून गेली, कॉफी गार झाली. चार वाजता मी प्रोसेसरवर बोट ठेवलं. कोमट. शून्य तसंच. मला एका जागी बसवेना, मी खोलीत येरझारा घालत होते, आणि मामा दर थोड्या वेळाने विचारत होता, "किती?" मी म्हणायचे, "शून्य." तो मान हलवायचा. संध्याकाळची तुकडी गाठायला निघाले तेव्हा त्याला सांगून गेले, शून्याचं काही दुसरं झालं तर लिहून ठेवा. शून्य हा आकडा मी मुद्दाम पडद्यावर वीतभर केला होता. परत आले तर कागदावर त्याने वळणदार मोडीसारख्या अक्षरात एकच शब्द लिहिला होता: नाहीं.

सलग तीन दुपारी चालवलं. तिन्ही दिवस शून्य.

मग अन्नपक्षी उघडला, घड्याळाकडे बघितलं आणि बटण दाबलं. माझी तयारी होती वीस-पंचवीस सेकंदांची. साडेसहा सेकंद लागले. मी पुन्हा करून पाहिलं. साडेसहाच. तेव्हा कळलं की खरा फायदा वेगाचा नव्हताच. जुन्या प्रोसेसरमध्ये वळणांचं अपूर्णांकी गणित करायचा भाग नव्हता, ते गणित तो रखडत रखडत करायचा. नव्यात तो भाग होता. पंचवीस टक्के वेग सोडून मी फक्त दीड सेकंद गमावला होता. मी मामाला हे समजावून सांगितलं तेव्हा मी इतक्या घाईने बोलत होते की तो म्हणाला, "तूंच सहासष्टवर चाललीस. पन्नासावर ये."

मानेची पूर्ण नक्षी पुन्हा काढली. या वेळी मी आणि मामाने मिळून प्रत्येक ओळ वाचली. मी जुन्या कागदावरचे आणि नव्या नक्षीतले भरलेल्या चौकोनांचे आकडे म्हणायचे, तो मनात धरायचा, जुळले की हं म्हणायचा. सगळ्या कार्डांतलं एकच कार्ड चुकलं होतं. कार्डं पाडणाऱ्याने तेवढं नवीन पाडून त्या जागी ओवलं. विणकर आणि त्याच्या बायकोने चार बोटं विणलेल्या भागातला आडवा धागा एकेक करून काढला. त्याला त्यांना दीड दिवस लागला. मी त्यांना सांगितलं, चूक मामाची नव्हती, माझी होती, मी मशीनला झेपणार नाही इतकं पळवलं. विणकराची बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "मागही असाच असतो अम्मा. धोटा जोरात फेकला की धागा तुटतो." आणि तिने मला स्वतःच्या ताटातली इडली दिली.

साडी लग्नाच्या नऊ दिवस आधी मागावरून उतरली. ते दोघं ती घेऊन आमच्या घरी आले आणि पुढच्या खोलीत पांढऱ्या धोतरावर पसरली. आईने दिवा लावला होता, का कुणास ठाऊक. किरमिजी साडी, हिरवा काठ, आणि काठभर सोनेरी पक्षी एकामागे एक, प्रत्येकाची मान अखंड. मामाने डोळे मिटले आणि अंगठा एका पक्ष्याच्या मानेवरून वरपासून खालपर्यंत फिरवला. मग पुढच्या. मग त्याच्या पुढच्या. जरीचा उठाव बोटाला लागतो. तो पदरापर्यंत गुडघ्यांवर सरकत गेला. कुणी त्याला थांबवलं नाही. उठल्यावर त्याने विणकराला एवढंच विचारलं, "पुढचा काठ कुठला?"

मी तिरुचीच्या त्या गृहस्थांना पत्र लिहिलं. चालतो म्हणून कळवलं, तेहतीसवर काय झालं आणि पंचवीसवर काय, दुपारच्या चुका किती, सगळं आकड्यांनिशी. पत्रासोबत चुका मोजायच्या प्रोग्रॅमची फ्लॉपीही पाठवली. आठवड्याभरात उत्तर आलं. त्यांच्याकडे चार मशीनं होती, दुपारी गोठणारी, ज्यांचा दोष त्यांना सापडत नव्हता. चारही त्या फ्लॉपीने पकडली गेली, आणि दोन नुसता ठेका कमी करून बरी झाली. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं की आठवड्यातून दोन दिवस त्यांच्याकडे कामाला येता येईल का.

मी पत्र मामाला वाचून दाखवलं. तो पक्ष्यांनंतरच्या काठावर बसला होता, हत्तींची रांग, सोंडांची वळणं. त्याने पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "तिरुचीची पहिली बस किती वाजतां?"

"पावणेसहाला."

"मग मजला उठीव. मी स्टँडापर्यंत येतों."